घाटात तापणारी गाडी आणि बोअरचं पाणी: अमळनेर तालुक्यातलं एक प्रकरण

गाडी २०१४ सालची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, ८८ हजार किलोमीटर चाललेलं. मालक अमळनेर तालुक्यातलं शेतकरी कुटुंब. रोज गाव ते बाजार, अधूनमधून जळगाव किंवा धुळ्याची फेरी. तक्रार एकच होती. मे महिन्यात, लग्नसराईत, पाच माणसं आणि एसी घेऊन गाडी चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढायला लागली की निम्म्या घाटात लाल दिवा लागायचा आणि बॉनेटमधून वाफ यायची. सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने कितीही पळवा, दिवा लागत नव्हता.

प्रकरण सविस्तर मांडण्याजोगं आहे, कारण मूळ बिघाड क्षुल्लक होता आणि त्यावर झालेले इलाज एकापेक्षा एक महाग पडले. खानदेशात उन्हाळ्यात तापणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये हाच क्रम वारंवार सापडतो.

आधी काय काय झालं होतं

सुरुवात साधारण दोन वर्षं आधी झाली. रेडिएटरच्या खालच्या होजच्या (रबरी नळीच्या) तोंडाशी पाणी पाझरायला लागलं. गाडीखाली थेंब पडायचे नाहीत, कारण गरम इंजिनवर ते वाळून जायचे. फक्त कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतली पातळी उतरायची, आठवड्याला अर्ध्या लिटरने. ती भरायला हाताशी जे होतं ते वापरलं गेलं: शेतातल्या बोअरचं पाणी. घरातलं मत होतं, “पानी ते पानीच शे, त्याले काय व्हस?”

पुढे कुणीतरी गळती बंद करायला रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली. ट्रकवाल्यांचा हा जुना तोडगा आहे. हळद फुगून बारीक भोक बुजवते, हे खरं. पण ती भोक कुठलं आणि नळी कुठली हे ओळखत नाही. त्या उन्हाळ्यात गाडी पहिल्यांदा तापली. तेव्हा थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा भाग, काढून टाकण्यात आला. तरी भागेना म्हणून रेडिएटरचा पंखा ‘डायरेक्ट’ केला: बॅटरीवरून सरळ वायर, डॅशबोर्डखाली एक स्विच, मध्ये फ्यूज नाही. हिवाळा बरा गेला. फक्त सरासरी लिटरला अठरावरून पंधरावर आली आणि सकाळी गाडी बराच वेळ जड चालायची. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच. या वेळी सल्ला मिळाला, कूलंट पाणी न मिसळता निव्वळ भरा. भरलं, आणि गाडी आणखी लवकर तापली.

पाण्याचा हिशोब

बोअरचं पाणी वाईट हे सगळेच सांगतात. किती वाईट आणि कशामुळे, ते आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही.

या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर ९४० आला. कठीणपणा मोजायच्या किटवर लिटरमागे सुमारे ५२० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा २०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० आहे. म्हणजे हे पाणी माणसाला कसंबसं चालतं. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असतात. पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा दगडी थर चढतो, तोच इंजिनच्या आत चढतो.

आता गणित. या इंजिनच्या संपूर्ण कूलिंगमध्ये सुमारे चार लिटर द्रव मावतो. चार लिटर बोअरच्या पाण्यात कठीण क्षार असतात जेमतेम दोन ग्रॅम. एकदा नाइलाजाने हे पाणी भरलं आणि नंतर बदललं, तर रेडिएटर बुजत नाही. पण आठवड्याला अर्धा लिटर म्हणजे दोन वर्षांत पन्नास लिटरच्या वर पाणी या इंजिनमधून गेलं. त्यासोबत आले सत्तावीस ग्रॅमच्या आसपास क्षार. सगळे आत राहिले नसतील, काही गळतीबरोबर बाहेर गेले. राहिले ते सर्वांत गरम जागी, हेडमधल्या (सिलिंडरच्या वरच्या भागातल्या) पाण्याच्या वाटांवर बसले. तिथून खपल्या सुटून रेडिएटरच्या चपट्या नळ्यांच्या तोंडाशी अडकल्या, आणि हळदीच्या लगद्याने त्यांना धरून ठेवलं.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. अर्धा लिटर कूलंट गळतं आणि अर्धा लिटर साधं पाणी येतं, तेव्हा दर आठवड्याला आठवा हिस्सा कूलंट कमी होतो. पाच आठवड्यांत मूळ कूलंट निम्मं उरतं, तीन महिन्यांत अठरा टक्क्यांच्या आत येतं. कूलंटमधले गंजरोधक त्याच वेगाने संपतात. वर, बऱ्याच कूलंटमध्ये गंजरोधक म्हणून फॉस्फेट किंवा सिलिकेट असतं. ते कठीण पाण्यातल्या कॅल्शियमला भेटलं की साका होऊन खाली बसतं. म्हणून ‘बोअरचं पाणी आणि थोडं कूलंट’ हे मिश्रण निर्धोक नाही.

तेव्हा या प्रकरणातला खरा गुन्हेगार बोअरइतकाच खालचा होज आवळून धरणारा, पाझरणारा क्लॅम्प आहे. गळती पहिल्या महिन्यात बंद झाली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं.

तपासणी कोणत्या क्रमाने झाली

थंड इंजिनवर, सकाळी. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आत दाब असतो, तो सुटताक्षणी शंभर अंशांच्या वरचं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. किमान दोन तास थांबायचं, मग जाड फडकं ठेवून पहिल्या खाचेपर्यंत फिरवायचं, दाब सुटू द्यायचा, मग काढायचं.

झाकण उघडल्यावर तोंडाच्या कडेला राखाडी-पांढरा खडबडीत थर, आत गढूळ तपकिरी द्रव. झाकणावर ०.९ छापलेलं, म्हणजे ते ०.९ बार दाब धरून ठेवायला हवं. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या पुढेच उकळतं. टेस्टरवर हे झाकण ०.३ बारलाच सुटलं. त्या दाबाला पाणी १०७ अंशांवर उकळतं. घाटात इंजिन ११२ पर्यंत जात होतं, हे नंतर ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणाऱ्या उपकरणावर) दिसलं. वाफ का यायची, ते इथेच कळलं. ज्यांच्याकडे टेस्टर नाही त्यांनी झाकणाचं रबर पाहावं. ते फुगलेलं, चिरलेलं किंवा कडक झालेलं असेल तर झाकण सरळ बदलावं, छापील दाब मात्र तोच हवा. जास्त दाबाचं झाकण लावल्याने थंडावा वाढत नाही, जुने होज फुटतात. गाडी रात्रभर थंड झाल्यावर वरचा होज चपटा बसलेला दिसला, तर झाकणातला आत ओढणारा छोटा वॉल अडकलेला असतो.

मग हातपंपाने संपूर्ण यंत्रणेत ०.९ बार हवा भरून पंधरा मिनिटं ठेवली. काटा उतरला, आणि खालच्या होजच्या क्लॅम्पखाली ओल दिसली. स्क्रूने आवळायचा साधा क्लॅम्प गंजलेला होता आणि वारंवार आवळून रबरात रुतला होता. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून काही येत नव्हतं, तो ठीक.

हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनच्या ब्लॉकमधला सील) जाण्याची भीती सगळ्यांनाच असते आणि त्या भीतीपोटी हेड उघडली जातात. आधी हे बघावं: ऑइलच्या काडीवर दुधी फेस आहे का, थंड इंजिन चालू करताच मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो का, रेडिएटरच्या तोंडाशी एकसारखे बुडबुडे येतात का. पक्कं उत्तर ब्लॉक टेस्टर देतो. त्यातल्या निळ्या द्रवातून रेडिएटरच्या तोंडावरची हवा ओढायची. सिलिंडरमधला वायू मिसळत असेल तर निळा रंग पिवळा होतो. इथे निळा निळाच राहिला. हेड वाचलं होतं.

पंखा फिरत होता. ‘डायरेक्ट’ केलेल्या पंख्याची एक चाचणी चुकवू नये. वायर उलट जोडली गेली तर पंखा फिरतो, पण हवा ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरायचा, तो आत ओढला गेला पाहिजे. इथे ओढला गेला. वायरचं आवरण मात्र एका जागी वितळलेलं होतं. फ्यूज नसलेली ती वायर आग लावायला पुरेशी होती.

शेवटी बाहेरची सफाई, आणि ती मापं घेण्याच्या आधी. या भागात कापूस वेचणीपासून जिनिंग संपेपर्यंत रस्त्यावर रुई उडत असते. ती एसीच्या कंडेन्सरमधून जाते आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत साचते. पुढून टॉर्च मारून दिसत नाही. वरची पट्टी सोडून कंडेन्सर थोडा पुढे झुकवल्यावर रुई आणि धुळीचा नमद्यासारखा पट्टा हाताला आला. पाणी मारताना ते इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, बागेच्या पाइपच्या साध्या धारेने मारायचं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला तर ॲल्युमिनियमच्या पात्या झोपतात आणि हवा कायमची अडते.

दोन होज, दोन आकडे

या टप्प्यावर बहुतेक जण अंदाजाने भाग बदलायला लागतात. इथे एक स्वस्त इन्फ्रारेड थर्मामीटर गन पुरते. इंजिन गरम करून, एसी चालू ठेवून, २५०० आरपीएमवर दहा मिनिटं धरायचं आणि दोन्ही होजचं तापमान घ्यायचं: वरचा, जिथून गरम पाणी रेडिएटरमध्ये येतं, आणि खालचा, जिथून ते परत जातं. रबरावरचं माप विश्वासाचं असतं. चकचकीत ॲल्युमिनियमवर गन चुकीचं, कमी माप दाखवते. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा.

बाहेर ४३ अंश असताना या गाडीत वर १०१, खाली ५८. फरक ४३ अंशांचा.

पहिल्या नजरेला वाटतं, वा, रेडिएटर किती गार करतोय! अर्थ बरोबर उलटा आहे. पाणी इतकं हळू सरकतंय की जेवढं जातं तेवढं पूर्ण गार होतं, पण जातंच थोडं. इंजिनची उष्णता न्यायला पाणीच पुरत नाही. निरोगी गाडीत याच स्थितीत फरक साधारण दहा ते पंधरा अंशांचा असतो. उलट, वरचा शंभर आणि खालचा पंचाण्णव असे दोन्ही तापलेले असतील, तर पाणी वाहतंय पण हवा मिळत नाही: जाळी बुजली, पंखा बंद, किंवा पंखा उलटा. मोठा फरक म्हणजे आतून अडथळा, छोटा फरक म्हणजे बाहेरून. एवढं एक माप घेतलं असतं, तर पंखा डायरेक्ट करायची गरज कुणाला भासली नसती.

टेपचे तुकडे रेडिएटरभर लावून पाहिल्यावर खालचा एक तृतीयांश भाग जवळपास बाहेरच्या हवेइतकाच गार निघाला. या रेडिएटरच्या नळ्या आडव्या असतात, आणि गाळ खालच्या नळ्यांत बसतो.

आता घाट आणि मे महिनाच का, हेही सुटतं. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंश आणि हवा हिवाळ्यातल्या दुपारची २५ अंश असेल तर फरक सत्तरचा. मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत तो पन्नासच उरतो. म्हणजे तोच रेडिएटर जवळजवळ तीस टक्के कमी काम करतो. त्यात एसी चालू असेल तर कंडेन्सरची गरम झालेली हवाच मागे रेडिएटरला मिळते. घाटात ताकद जास्त लागते आणि वेग वीस-पंचवीसवर येतो, म्हणून समोरून येणारा वाराही नाही. एक तृतीयांश रेडिएटर मेलेला असताना सपाट रस्त्यावर उरलेला पुरत होता, घाटात पुरत नव्हता.

थर्मोस्टॅट आणि निव्वळ कूलंट

थर्मोस्टॅट काढल्याने पाणी जास्त फिरतं, म्हणून इंजिन थंड राहतं, हा समज इतका पक्का आहे की त्यावर थांबून लिहायला हवं. या प्रकारच्या इंजिनात थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो, आणि त्याच वेळी त्याच्या मागची छोटी तबकडी बायपासची वाट बंद करते. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता इंजिनमध्येच गोल फिरतो. रेडिएटरमध्ये अडथळा असेल तर पाणी साहजिकच सोपी वाट धरतं आणि बायपासने आणखी जास्त जातं. म्हणजे घाटात, जिथे गरज सगळ्यात मोठी, तिथेच तोटा.

थंडीतला तोटा वेगळा. धुळे-जळगावकडे हिवाळ्यात पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. थर्मोस्टॅट नसलेलं हे इंजिन छोट्या फेरीत ६५ अंशांच्या वर जात नव्हतं. कॉम्प्युटरला इंजिन थंडच दिसतं, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. लिटरमागे तीन किलोमीटर तिथे गेले. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं, ही झीज पुढे दिसते.

निव्वळ कूलंटचं असं की त्यातला मुख्य घटक, इथिलीन ग्लायकॉल, उष्णता वाहायला पाण्यापेक्षा बराच कमी पडतो. तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या सहा दशांशाच्या आसपास, शिवाय दाट. उष्णता वाहतं ते पाणीच. ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतो आणि गंजरोधक आणतो. निम्मं-निम्मं मिश्रण बिनदाबाने १०७ अंशांवर आणि ०.९ बारच्या झाकणाखाली १२५ च्या आसपास उकळतं. खानदेशात पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, म्हणून पुस्तिकेत तीस टक्क्यांची परवानगी असेल तर तेही चालतं. त्याखाली जाऊ नये, कारण मग गंजरोधक पुरत नाहीत.

धुलाई

नवा रेडिएटर बसवायच्या आधी इंजिन आणि हीटरची आतून धुलाई झाली. क्रम महत्त्वाचा. उलट केलं तर हेडमधून सुटलेल्या खपल्या नव्या रेडिएटरच्या नळ्यांत जातात.

खालचा ड्रेन प्लग हातानेच सोडायचा, तो प्लास्टिकचा असतो, पान्याने तुटतो. चार लिटरपैकी २.८ लिटर बाहेर आलं. उरलेलं १.२ लिटर ब्लॉक आणि हीटरमध्ये राहतं. हा आकडा लिहून ठेवावा, पुढे दोनदा लागतो. पाणी भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, दोन्ही होज गरम होईपर्यंत इंजिन चालवायचं, कोमट होऊ द्यायचं, सोडायचं. दर वेळी जुन्यातलं तीस टक्के आत राहतं. तीन वेळा धुतल्यावर तीन टक्के, चार वेळा धुतल्यावर एक टक्क्याच्या आत.

पहिल्या धुलाईनंतर लिंबूसत. किराणा दुकानात मिळतं. लिटरला २५ ग्रॅम, म्हणजे चार लिटरला १०० ग्रॅम, आधी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून. यापेक्षा फार कमी घेतलं तर कॅल्शियम सायट्रेटचा साका उलट आतच बसतो. इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं, जास्त नाही, कारण इंजिन आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचे आहेत. कोमट झालं की लगेच सोडायचं, रात्रभर ठेवायचं नाही. मग चार धुलाया: पहिल्या दोन आरओच्या पाण्याने, शेवटच्या दोन बॅटरीच्या, म्हणजे क्षारमुक्त पाण्याने. शेवटच्या पाण्याचा टीडीएस पन्नासच्या आत आला तेव्हा थांबलं.

या कामाला काय वापरू नये ते ठळकपणे सांगायला हवं. फरशी धुवायचं ॲसिड ॲल्युमिनियम खातं. कॉस्टिक सोडा त्याहून वेगाने खातो आणि हायड्रोजन सोडतो. धुण्याचा सोडाही त्याच वाटेचा. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला जे चालायचं ते आता चालत नाही. त्या जुन्या रेडिएटरची टाकी उघडून नळ्यांत सळई घालता यायची, आजच्या प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरमध्ये ते शक्य नाही.

धुलाईने जुना रेडिएटर वाचला का? होजमधला फरक ४३ वरून ३१ वर आला, त्यापुढे हलला नाही. कारण सोपं आहे: आम्ल पाण्याच्या प्रवाहाबरोबर जातं. अर्धी बुजलेली नळी साफ होते, पूर्ण बुजलेल्या नळीत आम्ल शिरतच नाही. जुना रेडिएटर नंतर कापून पाहिला. वरच्या नळ्या मोकळ्या, खालच्या नळ्यांच्या तोंडाशी पांढरट खडे आणि त्यांत पिवळट-तपकिरी चिखल.

जोडणी आणि हवा काढणं

बदललेले भाग: रेडिएटर, ०.९ चं झाकण, वरचा-खालचा होज, स्प्रिंगचे क्लॅम्प, ८२ अंशांचा थर्मोस्टॅट आणि त्याचं रबर. पंखा मूळ रिले आणि फ्यूजवर परत आणला, स्विच काढून टाकला. सुटे भाग आणि कूलंट मिळून खर्च साडेसात हजारांच्या आसपास. स्प्रिंगचा क्लॅम्प घेण्याचं कारण असं की रबर गरम-थंड होताना तो आपोआप आवळत-सैलावत राहतो. स्क्रूच्या क्लॅम्पला पुन्हा पुन्हा आवळावं लागतं, आणि गळती तिथूनच सुरू झाली होती.

नवा थर्मोस्टॅटही तपासून बसवावा. पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लोंबता ठेवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि शेजारी थर्मामीटर. ८२ च्या आगेमागे दोन अंशांत तो उघडायला लागला पाहिजे आणि ९५ ला सुमारे ८ मिलिमीटर उघडलेला असला पाहिजे. बसवताना त्याची छोटी लटकती पिन वरच्या बाजूला, कारण हवा तिथूनच निघते.

मिश्रण करताना आत राहिलेलं १.२ लिटर पाणी विसरलं जातं आणि कूलंट पातळ होतं. चार लिटरचं निम्मं मिश्रण हवं तर आधी २ लिटर निव्वळ कूलंट ओतायचं, मग क्षारमुक्त पाण्याने उरलेली जागा भरायची, साधारण ८०० मिलिलिटर. तयार मिश्रणाचा डबा वापरला तर ते आतल्या पाण्याने पातळच होणार, म्हणून धुतलेल्या इंजिनात निव्वळ कूलंटच सोयीचं. रंगावर जाऊ नये. हिरवा, लाल, निळा हे कंपनीगणिक बदलतात. पुस्तिकेत लिहिलेला प्रकार पाहावा.

हवा काढायला गाडीचं तोंड चढावर, झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर. हळू ओतायचं, होज हाताने दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडायची वाट पाहायची. उघडला की पातळी एकदम उतरते, तेव्हा भरायचं. मग झाकण लावून पंखा दोनदा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत चालवायचं. बाटलीत कमाल-किमान खुणांच्या मध्ये पातळी. रात्रभर थंड झाल्यावर पुन्हा बघायचं, बहुतेकदा थोडी भर लागतेच.

सोडलेलं कूलंट डब्यातच धरावं. ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं. खळ्यात सांडलं तर कुत्री, शेळ्या, वासरं चाटतात. शेतात, गटारीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. झाकण लावून, वर चिठ्ठी चिकटवून ठेवावं आणि जुनं कूलंट घेणाऱ्या वर्कशॉपला द्यावं.

घाटात परत

त्याच घाटात, दुपारच्या ४२ अंशांत, पाच माणसं आणि एसी चालू. ओबीडीवर कमाल ९९ अंश, पंखा ९६ च्या आसपास सुरू होऊन ९१ ला थांबत होता. वर थांबून घेतलेली होजची मापं ९४ आणि ८२, म्हणजे फरक बारा. सरासरी नंतरच्या दोन टाक्यांत सतरा-साडेसतरावर आली.

ज्यांच्या गाडीत काटा नाही, फक्त थंडीचा निळा आणि गरमीचा लाल दिवा आहे, त्यांनी ओबीडीचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर जवळ ठेवावा. लाल दिवा लागतो तोवर उशीर झालेला असतो. काटा असला तरी बऱ्याच गाड्यांत तो साधारण ७५ ते १०५ पर्यंत मध्यावरच बसवलेला असतो. आणि तापलेल्या गाडीत आकडा अचानक खाली आला, तर सुटलो असं समजू नये. सेन्सरभोवती पाणी उरलेलं नाही, तो वाफेत उघडा पडलाय, असा त्याचा अर्थ असू शकतो. इंजिन तिथेच बंद करावं.

चढावर आकडा १०५ च्या पुढे जायला लागला तर एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर पूर्ण वेगावर. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, मे महिन्यात सोसवत नाही पण इंजिन वाचवतो. गिअर एक खाली घ्यावा. तिसऱ्यात कण्हत चढवण्यापेक्षा दुसऱ्यात अडीच-तीन हजार आरपीएमवर वॉटर पंप वेगाने फिरतो. वाफ दिसली की कडेला, इंजिन बंद, बॉनेट उघडून तासभर वाट. गरम इंजिनवर बाहेरून पाणी मारू नये, हेड वाकतं. आत भरायला बोअरऐवजी बाटलीबंद पिण्याचं पाणी घ्यावं, त्यात क्षार कमी असतात. किती भरलं ते लक्षात ठेवून घरी पोहोचल्यावर मिश्रण दुरुस्त करावं.

या गाडीत आता लक्ष ठेवायची जागा वॉटर पंपाची आहे. तो मूळचाच आहे आणि दोन वर्षं गंजरोधक नसलेल्या पाण्यात फिरलाय. त्याच्या सीलखालचं छिद्र महिन्यातून एकदा टॉर्चने बघायचं. तिथे रंगीत खपली किंवा ओल दिसली, किंवा बाटलीतली पातळी महिन्याला दोन बोटांहून जास्त उतरली, तर आधी गळती शोधायची आणि मगच भर घालायची.